बँकेची डबी बंद होणार म्हणे : फोनवर जावं की हट्ट धरावा?

हळकुंड_सांगली

नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. पैशाचं सगळं तात्या (वडील, वय ७३) बघतात. शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विकलेल्या मालाचे पैसे), हमाली, तोलाई, सगळं हल्ली ऑनलाइन जातं. दर वेळी बँकेनं दिलेल्या छोट्या यंत्रातला सहा आकडी नंबर टाकावा लागतो. आमच्या घरात त्याला ‘डबी’ म्हणतात. किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवायची, राखाडी रंगाची, एक बटण आणि एक काचेची पट्टी, बास. तात्यांच्या डबीच्या बटणाभोवती हळदीचा असा थर बसलाय की आता नखानंही निघत नाही.

डबी म्हातारी झालीय. चौथ्या आकड्याची मधली आडवी दांडी मेली आहे. तिथं ८ आला तरी ० दिसतो. तात्यांनी त्यावर नियम काढलाय : चौथ्या घरात शून्य दिसलं की हाताची घडी घालून बसायचं, पुढचा नंबर येईपर्यंत. हमाल दारात ताटकळत असले तरी.

आता बँकेचं पत्र आलंय, ही डबी तीन महिन्यांत बंद, मोबाइलवर ॲप घ्या. तात्या म्हणतात, “ज्या फोनवर रोज दहा जण लग्नपत्रिका पाठवतात, त्या फोनात मी तिजोरीची किल्ली ठेवू व्हय?”

मला त्यांचं पटतंय आणि नाहीही. डबी खरंच ॲपपेक्षा सुरक्षित आहे, की नुसती सवय? आणि हट्ट धरला तर बँक नवी डबी देते का? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

पत्रिका_बघतो

चतुर्थ स्थानी शून्य. धनहानी योग. तात्यांचं बरोबर आहे, मुहूर्त टळेपर्यंत थांबावं.

शून्य_बाकी

गणित मांडूया. चौथ्या घरात दहापैकी कुठलाही आकडा येऊ शकतो. शून्य दिसणार ते ० किंवा ८ आल्यावर. म्हणजे सरासरी पाच वेळांतून एकदा तात्या हाताची घडी घालणार, आणि त्यातल्या निम्म्या वेळा ते खरंच शून्य असणार, म्हणजे थांबणं फुकट. पण तीनदा चुकला की खातं कुलूपबंद आणि मग शाखेत खेटे. त्यापेक्षा मिनिटभर थांबणं स्वस्त. तात्यांना माझा नमस्कार सांगा.

शाहूपुरीतून

सातारकर, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर. डबी आतून काय करते ते आधी सांगतो, मग भांडूया.

डबीला सिम नाही, नेट नाही, ती कुणाशी बोलत नाही. आत एक घड्याळ आणि एक गुप्त संख्या, एवढंच. तीच गुप्त संख्या बँकेच्या सर्व्हरवर तुमच्या नावापुढे ठेवलेली असते. दोन्हीकडे तीच संख्या आणि तीच वेळ घेऊन एकच गणित केलं जातं आणि उत्तराचे सहा आकडे वापरले जातात. जुन्या डब्यांत नंबर ६० सेकंदांनी बदलतो. फोनमधल्या ॲप्समध्ये बहुतेक ३० सेकंदांनी, कारण २०११ साली ठरलेल्या मानकात तेवढंच सुचवलंय. डबीचं घड्याळ वर्षानुवर्षांत थोडं मागं-पुढं होतं, म्हणून बँक शेजारचा एखादा नंबरही चालवून घेते.

आता सुरक्षिततेचं. एसएमएसनं येणारा ओटीपी हा सगळ्यात कच्चा प्रकार. दुसऱ्यानं तुमच्या नावावर नवं सिम काढलं की मेसेज त्याच्याकडे. फोनात एखादं भामटं ॲप शिरलं तर ते मेसेज वाचून पुढं पाठवतं. तात्या ज्या लग्नपत्रिकांबद्दल बोलताहेत त्यातल्या ‘एपीके’ फायली (उघडल्या की फोनात ॲप बसवणाऱ्या) नेमकं हेच करतात. ट्रॅफिकच्या दंडाची नोटीस म्हणून येणाऱ्याही त्यातल्याच. डबीत असलं काही शिरूच शकत नाही, कारण शिरायला दारच नाही. या एका मुद्द्यावर तात्यांना पैकीच्या पैकी.

वारणेचा_गडी

मी तीन वर्षं ॲप वापरतोय, काही झालेलं नाही. डबी म्हणजे हरवायला अजून एक वस्तू. माझी पहिली डबी पॅन्टच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये गेली. वाळवली, चालू झाली. दुसरी पुतण्याच्या हाती लागली. ती घड्याळवाली नव्हती, बटण दाबलं की पुढचा नंबर यायचा तसली. त्यानं दुपारभर गेम समजून दाबली. संध्याकाळी बँक म्हणते नंबर चुकीचा.

आणि शाहूपुरीकर, तुम्ही एक विसरलात. डबीतला नंबर कशासाठी आहे हे डबीला माहीत नसतं. ॲपमध्ये ‘अमक्याच्या खात्यात ८५,००० जाणार, मान्य आहे का’ असं लिहून तरी येतं.

शाहूपुरीतून

@वारणेचा_गडी, हा मुद्दा मान्य, अगदी मान्य. मी त्यावर येणारच होतो. आणि पुतण्याचं असं झालं की डबी पुढं धावली आणि बँक मागं राहिली. बँक पुढचे ठरावीक नंबर तपासून बघते, त्याच्याही पलीकडे गेलं की सोडून देते. लागोपाठचे दोन नंबर दिले की परत जुळवतात.

खणभाग_गल्ली

ॲपवाल्यांनी २०१९ चा ऑगस्ट आठवावा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या घरात छातीभर पाणी. बोटीत चढताना माझा फोन पाण्यात पडला तो पडलाच. विट्याला मेहुण्याकडं गेलो. कारखान्यातल्या सोळा माणसांचे पगार द्यायचे होते, त्यांचीही घरं पाण्यात, पैसे आत्ताच हवेत. सिम गेलं म्हणजे ओटीपी गेला. पण डबी बायकोच्या पर्समध्ये होती. मेहुण्याच्या लॅपटॉपवरून बसलो, डबीचा नंबर टाकला, सोळाही पगार गेले. त्या दिवसापासून डबीला नाव ठेवलेलं मी ऐकून घेत नाही.

वारणेचा_गडी

@खणभाग_गल्ली, पाण्यातून माझीही डबी वाचलीय, वॉशिंग मशीनच्या. बाकी मुद्दा बिनतोड.

करसल्लागार_पोवईनाका

थोडं अवांतर, पण जवळचंच. डबीची चुलत बहीण म्हणजे डिजिटल सहीचा पेन ड्राइव्ह. जीएसटी, कंपनीची विवरणपत्रं, ई-निविदा, अशा कामांना लागतो. आता नियमानं ही सही ज्याची, किल्ली त्याच्याच ताब्यात हवी. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ४२. आणि खरी परिस्थिती काय? माझ्या टेबलाच्या डाव्या खणात अडतीस अशिलांच्या सह्या पडल्यात. प्रत्येकीला रबर बँडनं चिठ्ठी, चिठ्ठीवर पार्टीचं नाव, आणि (हसू नका) पिन. अर्ध्याजणांचा पिन तर कंपनीकडून आला तोच, कुणी बदललेलाच नाही. मी परत न्या म्हणून फोन केला की उत्तर ठरलेलं : “राहू द्या साहेब, तुमच्याकडं सुरक्षित आहे.”

साताऱ्याला एका बांधकामवाल्या अशिलानं तर सांगितलं, बँकेचीही डबी तुमच्याकडंच ठेवा, मला कुठं जमतंय. मी हात जोडले.

मथितार्थ : वस्तू कितीही भक्कम असू दे, आपण ती दुसऱ्याच्या खणात ठेवणार.

भडंगप्रेमी

अडतीस सह्या! एक आग लागली की अर्धा जिल्हा निरक्षर.

पत्रिका_बघतो

@भडंगप्रेमी, अंगठा शिल्लक आहे की.

कृष्णामाई_वाई

सगळे डबीचं कौतुक करताहेत म्हणून लिहिते. लिहायची इच्छा नव्हती.

आई वाईला एकटी असते. तिच्याकडं डबी होती. मागल्या वर्षी दुपारी फोन आला, बँकेतून बोलतोय, तुमचं केवायसी अपुरं आहे, आज पाचपर्यंत पूर्ण नाही केलं तर पेन्शन अडकेल. पेन्शन म्हटल्यावर ती घाबरली. त्यांनी लिंक पाठवली. उघडली तर बँकेचंच पान, तोच रंग, तेच बोधचिन्ह. तिनं युजर आयडी, पासवर्ड घातला. मग पान म्हणालं, डबीचा नंबर टाका. तिनं चष्मा लावून, मोठ्यानं म्हणत, नीट टाकला. तिकडं बसलेल्या माणसानं त्याच मिनिटात तो खऱ्या साइटवर टाकला. मग पान म्हणालं, नंबर जुळला नाही, पुन्हा टाका. तो दुसरा नंबर पैसे पाठवायला वापरला. ४८,००० गेले.

आईचं वाक्य अजून कानात आहे : “मी नंबर फोनवर कुणाला सांगितला नाही गं, मी बँकेलाच दिला.”

माझ्या भावानं पाऊण तासात १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन लावला, त्यातले १९,००० पुढच्या खात्यात अडकवले गेले आणि नंतर मिळाले. उरलेल्याबद्दल बँकेनं हात वर केले, नंबर तुम्हीच दिलात म्हणे. मला राग त्याचा नाही एवढा येत. आईनं त्या दिवसापासून पेपरमधलं शब्दकोडंसुद्धा सोडवायचं सोडलं, मला काही कळत नाही म्हणते, त्याचा येतो.

हळकुंड_सांगली

ताई, वाचून वाईट वाटलं. हे तात्यांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग विचारलं, “त्यांनी तरी काय चुकीचं केलं?”

निवृत्त_कॅशियर

कृष्णामाई, आईंना सांगा, त्यांचं काही चुकलं नाही. त्यांनी नियम पाळला. नियमच अर्धा होता.

मी १९८२ ला बँकेत लागलो, २०२० ला सुटलो, नोकरी बहुतेक सातारा जिल्ह्यातच. तुमच्या या डबीला बँका ‘टोकन’ म्हणतात, आमच्याकडं टोकन म्हणजे पितळेचा बिल्ला, मध्ये भोक, वर नंबर ठोकलेला. गिऱ्हाइकानं पैसे काढायचा चेक दिला की क्लार्क त्याला बिल्ला द्यायचा. चेक आत जायचा, लेजर बघायचं, सही नमुन्याशी ताडून बघायची, अधिकारी पास करायचे, मग तो कॅशियरच्या जाळीशी. मी ओरडायचो, “सत्तेचाळीस!” बिल्ला आत, नोटा बाहेर. एकदा कोरेगाव भागातल्या एका म्हाताऱ्यानं बिल्ला धोतराच्या सोग्यात बांधला आणि तसाच एसटीत बसून घरी गेला, पैसे न घेता. पुढल्या बाजारदिवशी आला आणि मलाच रागावला, “पुकारलं का नाही?” पुकारलं होतं हो, चारदा.

सांगायचं हे की तो बिल्ला फक्त गिऱ्हाइकाची ओळख पटवायचा. बँकेची ओळख पटवायला काही लागतच नव्हतं. दगडी इमारत होती, दारात बंदूकवाला होता, जाळीपलीकडं रोजचा मीच. रातोरात कुणी खोटी शाखा मांडून बसेल, असं मनातही यायचं कारण नव्हतं. आता डबी बँकेला सांगते, की समोर तात्याच आहेत. पण समोर बँकच आहे हे तात्यांना कोण सांगणार? ते काम त्या डबीला कुणी दिलेलंच नाही. आईंच्या बाबतीत डबीनं तिचं काम चोख केलं. बँकेनं आपली अर्धी बाजू केली नव्हती.

शाहूपुरीतून

काका, तीन परिच्छेद लिहून मी जे सांगणार होतो ते तुम्ही बिल्ल्यात सांगितलंत.

तर तांत्रिक भर घालतो. बँकेची बाजू सिद्ध करण्याचे दोन उपाय सध्या हाताशी आहेत. एक, पत्ता. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपलं संकेतस्थळ ‘डॉट बँक डॉट इन’ या शेपटाच्या पत्त्यावर न्यायला सांगितलं होतं. ते शेपूट बँकेशिवाय कुणाला मिळत नाही. दुसरा उपाय माणसाच्या डोळ्यांवर सोडलेलाच नाही : पासकी (फोनात किंवा संगणकात ठेवलेली गुप्त किल्ली), किंवा यूएसबीची सुरक्षा किल्ली. तिच्यात सहा आकडे नसतातच. ती साइटचा पत्ता स्वतः तपासते आणि ज्या पत्त्यासाठी बनवली त्याच पत्त्याला उत्तर देते. कृष्णामाईंच्या आईंनी खोट्या पानावर ती दहादा दाबली असती तरी चोराच्या हाती काही पडलं नसतं.

डबीही अभेद्य नाही, हेही नोंदवतो. २०११ च्या मार्चमध्ये आरएसए या डब्या बनवणाऱ्या कंपनीतच चोर शिरले. कर्मचाऱ्याला आलेल्या ईमेलमधल्या एक्सेल फाइलमधून. मग तिथून चोरलेली माहिती वापरून लॉकहीड मार्टिन या विमानं बनवणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला आणि जूनमध्ये आरएसएनं डब्या बदलून द्यायची तयारी दाखवली. आठवतंय ना, गुप्त संख्येची दुसरी प्रत कुठंतरी असतेच.

वारणेचा_गडी

म्हणजे माझं ॲपच बरं.

शाहूपुरीतून

एपीके उघडत नसाल तर, आणि रक्कम वाचून मग मान्य दाबत असाल तर. खरं सांगा, वाचता?

वारणेचा_गडी

...कधी कधी.

माहुलीची_लेक

मी जर्मनीत असते, मूळची संगम माहुलीची. इथं पूर्वी बँक कागदावर छापलेली नंबरांची यादीच द्यायची, एकेक वापरून खोडायची. सप्टेंबर २०१९ पासून युरोपच्या नव्या नियमांमुळं ती बंद झाली. आता माझ्याकडं कॅल्क्युलेटरएवढं यंत्र आहे. त्यात बँकेचं कार्ड खुपसायचं, यंत्र लॅपटॉपच्या पडद्यावर नाचणाऱ्या पट्ट्यांसमोर धरायचं. मग यंत्राच्या *स्वतःच्या* काचेवर दिसतं : या खात्यावर, इतके युरो. ते बरोबर असेल तर बटण, मग नंबर. नंबर त्या खात्याला आणि त्या रकमेला बांधलेला, दुसरीकडं चालत नाही. वारणेच्या दादांचा मुद्दा आणि तात्यांचा मुद्दा, दोन्ही एकाच यंत्रात बसतात. फक्त पट्ट्या नाचताना हात हलला की परत पहिल्यापासून. सकाळी कॉफी प्यायच्या आधी मी करत नाही.

भडंगप्रेमी

माहुलीच्या ताई, तिकडं कंदी पेढे मिळतात का?

माहुलीची_लेक

दिवाळीला आई पाठवते. कस्टम्सवाले उघडून बघतात, वास घेतात आणि परत बंद करतात. त्यांच्याकडं ओळख पटवायची वेगळी पद्धत आहे.

करसल्लागार_पोवईनाका

नियमांचं विचारलं नाही कुणी, पण सांगतो, उपयोगी पडेल. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असं ठरलं होतं : चूक ना तुमची ना बँकेची, अशा फसवणुकीत बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर तुमचं नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत तुमचं. पण नंबर तुम्हीच दिला असं ठरलं, तर कळवेपर्यंतचं सगळं तुमच्या माथी, कळवल्यानंतरचं बँकेच्या. म्हणून कृष्णामाईंच्या भावानं पाऊण तासात फोन केला ते फार शहाणपणाचं. सहकारी बँकांनाही त्याच वर्षी डिसेंबरात असंच परिपत्रक आलं.

नवीन म्हणजे, १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेले नियम. दोन वेगवेगळे पुरावे हवेत आणि त्यातला एक दर व्यवहाराला नवा हवा (काही प्रकारांना सूट आहे). एसएमएस ओटीपीवर बंदी नाही, पण तोच हवा असंही नाही. आणि हे नियम न पाळता झालेल्या व्यवहारात नुकसान झालं तर बँकेनं कुरकुर न करता पूर्ण भरून द्यायचं. डबी बंद करा असं त्यात कुठंही नाही. तो तुमच्या बँकेचा स्वतःचा निर्णय आहे, हळकुंडराव. शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

निवृत्त_कॅशियर

पोच घ्याच. आणि सोमवारी किंवा एक तारखेला जाऊ नका, काउंटरवरची पोरं आधीच वैतागलेली असतात. मंगळवार, अकरा वाजता.

कृष्णामाई_वाई

कॅशियर काका, तुमचं उत्तर आईला फोनवर वाचून दाखवलं. बिल्ल्याची गोष्ट दोनदा वाचायला लावली. तिचे वडील अशाच एका शाखेत बिल्ला घेऊन बसायचे म्हणे, ती लहान असताना. आज पेपर मागून घेतला.

हळकुंड_सांगली

मंडळी, मंगळवारी अकराला गेलो, तात्यांना घेऊन. काउंटरवरची मुलगी चांगली होती. म्हणाली, चालू खात्यांना अर्ज केला तर नवी डबी मिळते, शुल्क लागेल, पत्रात ते लिहायचं राहिलं. (राहिलं!) तात्यांनी अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहिला, पोच घेतली, घडी करून टोपीत ठेवली.

तोडगा असा ठरलाय : पट्ट्या आणि मोठे व्यवहार दुकानातल्या संगणकावरून, डबीनं. संगणकात बँकेचा पत्ता मी एकदाच जतन करून दिलाय, तिथूनच उघडायचं, कुठल्याही लिंकवरून नाही. ॲप माझ्या फोनवर, फक्त शिल्लक बघायला. बँकेच्या नावानं फोन आला तर तात्या म्हणणार, “मी शाखेत येतो,” आणि ठेवणार. हे वाक्य त्यांना फार आवडलंय. काल विम्यावाल्यालाही म्हणाले.

नवी डबी काल आली. निळी आहे, जरा लहान.

शून्य_बाकी

महत्त्वाचं सांगा. चौथ्या घरात आठ आला का?

हळकुंड_सांगली

पहिल्याच नंबरात शून्य आलं, अस्सल शून्य. तात्या तरी हाताची घडी घालून बसले.